पिशव्यांतले हात

३ ऑगस्ट

ती. आईस,
पोटातल्या पाहुण्यासकट टिल्लूचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू स्वतःच रचतेस, म्हणून लिहून विचारते. बालवाडीतल्या माझ्या एका पोरीला कांजण्या निघाल्यात. आदल्या दुपारी ती माझ्याच मांडीवर झोपली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लहानपणी तुला येऊन गेल्या असतील तर घाबरू नकोस. शरीर झालेला आजार विसरत नाही, परत आला की ओळखतं आणि दारातूनच हाकलतं. नसतील आल्या तर बाळाला धोका आहे, लगेच इंजेक्शन घ्यावं लागेल. रक्त तपासायला दिलंय, पण जिवाला घोर लागलाय. मला आल्या होत्या का गं?

उत्तराची वाट बघणारी,
टिल्लू

६ ऑगस्ट

चि. टिल्लूस दोघांपुरते आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि हातातलं शिवण तसंच राहिलं. कांजण्या तुझ्या दादाला आल्या होत्या. तू तेव्हा वर्षाचीही नव्हतीस. तुला लागू नयेत म्हणून त्याला मागच्या खोलीत ठेवलं होतं, खाजवू नये म्हणून हातांवर कापडी पिशव्या शिवून बांधल्या होत्या. एका दुपारी मशीन थांबवून बघते, तर पठ्ठ्या तुझ्या पाळण्यात! पिशव्यांतले हात तुझ्याभोवती टाकून गाढ झोपलेला. मी खूप रागावले. ती रडत होती, एवढंच म्हणाला.

पुढे तुला जरा कणकण आली, पोटावर दोन-तीन पुटकुळ्या उठल्या. मी म्हटलं कांजण्या, हे म्हणाले डास. तेवढ्यावरच राहिलं. पुढच्या वर्षी दादा गेला. त्याच्याबद्दल बोलायला गेलं की मी उठून मशीनवर बसते, म्हणून तुला कधी काही सांगितलंच नाही. खोटा धीर कसा देऊ? इंजेक्शन घ्यायला सांगितलं तर घे, चालढकल करू नकोस. वेळेवर जेव.

तुझी आई

९ ऑगस्ट

ती. आईस सा. न.

डास नव्हते गं. बाबांना सांग, हरलात म्हणावं. रिपोर्ट आला, माझ्या रक्ताला कांजण्यांची जुनी ओळख आहे. इंजेक्शन नको. ते संरक्षण माझ्याकडून बाळालाही मिळेल, जन्मल्यावर काही महिने पुरेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी तिथेच रडले. त्यांना वाटलं, सुटल्याच्या आनंदाने. आई, मला दादाचा चेहरा आठवत नाही, आवाज आठवत नाही. त्याचं माझ्याकडे काहीच उरलं नाही, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

त्या दुपारचा त्याच्यावरचा राग आता सोड. आहे तो लोभ बाळापर्यंत पोचू दे.

तुझी आणि दादाची,
टिल्लू