तिन्ही शाखांची लाईन माझ्या खोलीत

३ मार्च, सोमवार
ही वही खाजगी. मी सांगते, सूनबाई लिहिते. लिहिलेलं वाचायचं नाही असं तिनं कबूल केलंय, त्यामुळे मोकळेपणानं बोलायला हरकत नाही.
गुडघ्याचं निमित्त करून मुलानं मला लाँड्रीच्या काउंटरवरून उठवलं आणि वरच्या खोलीत बसवलं. माझी खुर्ची मात्र अजून खालीच आहे. संकल्प : उन्हाळा संपायच्या आत त्या खुर्चीवर परत. तोंडातून चकार शब्द काढणार नाही. तेच आपणहून बोलावतील.

५ मार्च
आपल्या तिन्ही शाखांचे फोन इंटरनेटवरून जोडतायत. फोनवाला आला होता. म्हणाला, तीन आकडे दाबले की पुलापलीकडच्या शाखेत घंटा वाजेल. म्हटलं, माझी हाकसुद्धा जाते तिथपर्यंत. हसला नाही. कामात कच्चा दिसतो.
एक फोन माझ्या खोलीतही लावला. नंबर एकशे नऊ, सगळ्यात शेवटचा. मुलगा म्हणाला, तुझ्या सोयीसाठी. मला कळत नाही थोडंच? उद्या अडलं तर विचारणार कुणाला?

६ मार्च, सकाळी अकरा
फोन सुरू. मी हात लावणार नाही. विचारल्याशिवाय सल्ला नाही.

६ मार्च, सव्वाअकरा
वाजला. उचलला. एक बाई पडदे कधी मिळतील विचारत होती. सांगितलं, उद्या. केवढी खूश झाली.

८ मार्च
रीघ लागलीय. खालचं दुकान असो, बाजारातलं असो की पुलापलीकडचं, कुठेही फोन करा, माणसं शेवटी माझ्याकडेच येतात. सूनबाई म्हणते, शाखेत पाच वेळा वाजून कुणी उचलला नाही तर फोन आपोआप शेवटच्या नंबरावर जातो, फोनवाल्यानं तसं बसवलंय. बिचारी. तिला यंत्रातलं कळतं, माणसांतलं नाही.
शाखांतली माणसं तर आता फोन उचलतच नाहीत. इतका मान मी मागितला नव्हता.

१० मार्च
गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, हा माझा धंद्यातला नियम. सगळ्यांना उद्या संध्याकाळची वेळ दिलीय. एकाची परवा मुलाखत आहे, नोकरीचा प्रश्न, कोट हवाच म्हणाला. शब्द दिला. नाव विचारायचं राहिलं. कुठल्या शाखेत टाकलाय तेही. तिन्ही आपल्याच. कोट काळा आहे.

११ मार्च, संध्याकाळी सहा
रांग रस्त्यापर्यंत गेलीय. माझ्या वेळी असायची तशी. आवाज जरा चढलेत, पण हक्काचं गिऱ्हाईक हक्कानंच बोलणार. सूनबाईला म्हटलं, सगळ्यांना पाणी दे. म्हणाली, पाण्यानं भागायचं नाही.

११ मार्च, साडेसात
मुलगा वर आला. बसला. पाणी त्यानंच प्यायलं. विचारलं, आई, सगळ्यांना उद्या सांगितलंस? म्हटलं, मग काय काल सांगायचं?
कोट पुलापलीकडे सापडला. ओला. मुलगा स्वतः खाली इस्त्री धरून उभा आहे. बाह्या कशा मारायच्या ते सांगायला फोन लावला. त्यानं उचलला नाही. पाच वेळा वाजला आणि मग म्हणे एकशे नऊ बिझी.

१२ मार्च
फोनवाला परत. बाहेरचे फोन आता माझ्याकडे येणार नाहीत, फक्त घरातले आणि शाखांतले. मी हेच सुचवणार होते.
कोटवाला वेळेवर पोचला. शब्द राहिला माझा.

१४ मार्च
खुर्ची हलली. सकाळी जिन्यात खडखड झाली, मी पदर सारखा करून, चष्मा पुसून तयार. पण खुर्ची वर येत होती. मुलानं ती फोनपाशी ठेवली. म्हणाला, इथं आरामात बस.
म्हणजे काउंटरच हळूहळू वर येतंय.

१८ मार्च
फोन गप्प. लाईन तपासायला तिन्ही शाखांना लावला. तिघांनीही होल्डवर टाकलं. गाणं बरं आहे.

२१ मार्च, दुपारी चार
वाजला. दोन घंटा होऊ दिल्या. लगेच उचललं तर रिकामी बसलेय असं वाटतं.
सूनबाई होती, खालच्या मजल्यावरून. आज काही लिहायचंय का, विचारत होती. म्हटलं, थांब, लाईनीवर आणखी कुणी आहे का बघते.
बघितलं.
म्हटलं, ये वर.