हिला जरा वेळ लागतो

५ जानेवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. संकल्प एक तारखेचा होता, पण कुठलीही गोष्ट कशी सोमवारी सुरू करावी. मधले दिवस वाया गेले असं नाही. तयारी चालू होती.

डॉक्टरीणबाईंचा रिपोर्ट आला. हिला ऑटिझम आहे. लग्नाला अकरा वर्षं झाली, ही चाळिशीला आली, आणि आता कळतंय. मला काहीतरी आहे हे आधीपासून माहीत होतं. मी त्याला आळस म्हणत होतो, एवढाच फरक.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यांना एका कामातून दुसऱ्यात शिरायला वेळ लागतो. मध्येच कुणी बोललं की धागा तुटतो, मग परत पहिल्यापासून. घाई केलीत तर वेळ उलट वाढेल. मी मान डोलावली. बाई हुशार आहेत, पण त्यांनी कधी टीम चालवलेली नाही.

बाहेर आल्यावर ही जिन्यातच रडायला लागली. म्हणाली, मी आळशी नाही, हे आज पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं. मी म्हणालो, हो हो, पण चल पटकन, गाडी नो-पार्किंगमध्ये आहे.

७ जानेवारी, बुधवार

ठरलं. मीच हिला वेगात आणणार. सेल्समध्ये एवढी पोरं घडवली, ही तर घरचीच. तीन महिन्यांत फरक दिसला पाहिजे. कदाचित दोन.

आज नुसतं निरीक्षण. ही कप धुते. आधी बाहेरून, मग आतून, मग कान. मग उजेडाकडे धरून बघते. मग पुसते. मग पुन्हा बघते. एक कप! तेवढ्यात माझा चहा पिऊन झाला, पेपर वाचून झाला आणि कपाळाची शीर उठली.

ही चष्म्याच्या काचा तपासते, वर्कशॉपमध्ये. तिथंही असंच उजेडाकडे धरून. हिनं पास केलेला चष्मा म्हणे कधी परत येत नाही. म्हणूनच त्यांचा धंदा वाढत नसणार. गिऱ्हाईक परत यायला नको?

१० जानेवारी, शनिवार

प्रोत्साहन पद्धत सुरू. ओरडायचं नाही, नुसतं शेजारी उभं राहून गोड आवाजात 'छान! आता पुढे!' म्हणायचं.

सहा वेळा प्रोत्साहन दिलं. हिनं तोच कप सहा वेळा धुतला.

शेवटी म्हणाली, तू बाहेर जातोस का? मी म्हणालो, मी मदत करतोय. ही म्हणाली, मला माहीत आहे, म्हणूनच विचारते.

हिला टोमणे मारता येत नाहीत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मग हे काय होतं?

११ जानेवारी, रविवार

आज बाथरूमचा नळ दुरुस्त झाला. ठिबकत होता, गेल्या उन्हाळ्यापासून. मी करणारच होतो. योग्य वॉशर मिळत नव्हता. म्हणजे दुकानात जायला मिळत नव्हतं.

हिनं केला. दुपारचं जेवण झाल्यावर बसली ती अंधार पडेपर्यंत. नळ पूर्ण उघडला, एकेक तुकडा पुसून फडक्यावर ओळीनं मांडला, पुन्हा जोडला. आता थेंबही नाही. पण वेळ किती लावला! प्लंबर चुटकीसरशी करून गेला असता. बोलावला असता तर.

१९ जानेवारी, सोमवार

प्रोत्साहन बंद. आता डोकं वापरलंय. घरातली सगळी घड्याळं पुढे केली. भिंतीवरचं, ओट्यावरचं, हिचं गजराचं, हातातलंसुद्धा. हिला आपोआप घाई होईल आणि मला तोंडही उघडावं लागणार नाही. रक्ताचा थेंब न सांडता लढाई जिंकणं म्हणतात ते हेच.

हिच्याकडे मोबाईल आहे, पण तो पर्समध्ये बंद असतो. हे मी हेरून ठेवलं होतं.

२० जानेवारी, मंगळवार

यश! ही रोजच्यापेक्षा लवकर बाहेर पडली.

२२ जानेवारी, गुरुवार

कळलं हिला. तीन दिवस वर्कशॉपच्या बंद शटरसमोर थंडीत उभी राहत होती. पहिले दोन दिवस वाटलं, मालकांनाच उशीर होतोय. आज त्यांनी स्वतःचं घड्याळ दाखवलं.

आली, आणि घरातली सगळी घड्याळं टेबलावर मांडून बसली. मला वाटलं, भांडेल. मी उत्तरं तयार ठेवली होती. ही भांडली नाही. म्हणाली, मला माणसांच्या चेहऱ्यावरचं कळत नाही. घड्याळाचं कळतं. तेवढं एक होतं.

मी म्हणालो, अगं गंमत केली. ही म्हणाली, गंमत आधी सांगतात.

असं काही नसतं. पण वाद घातला नाही. मोठेपणा माझ्याकडे असावा.

२५ जानेवारी, रविवार

आता ही बाहेर पडण्याआधी मोबाईल बघते, मग भिंतीवरचं घड्याळ, मग शेजारच्या काकूंना विचारून येते. आणखी उशीर. नव्या पद्धतीचा परिणाम दिसायला थोडा काळ जावा लागतो.

आईला फोनवर सगळं सांगितलं. वाटलं, आई तरी आपल्या बाजूनं बोलेल. आई म्हणाली, अरे उतावळ्या, तुझे बाबा मला आयुष्यभर 'आटप, आटप' म्हणायचे. आटपून आटपून मी कुठे पोचले? सूनबाई ओट्याशी असताना मी हाकसुद्धा मारत नाही. एकदा मारली होती, बिचारीनं सगळी कणीक पुन्हा मळली.

आपल्याच घरात फितुरी.

३० जानेवारी, शुक्रवार

उद्या साहेब आणि त्यांच्या मिसेस जेवायला. असिस्टंट मॅनेजरची जागा रिकामी होतेय. हिला सांगितलं, चार पदार्थ, बरोबर आठला टेबलावर. ही म्हणाली, दोन केले तर नीट होतील. मी म्हणालो, चार. ही म्हणाली, मग सकाळपासून करते, पण तू आत येऊ नकोस. मी वचन दिलं.

३१ जानेवारी, शनिवार. उशिरा

सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण उद्या लोक वेगळंच सांगतील.

मी आत जाणार नव्हतो. सहानंतर फक्त दारातून किती वाजले ते सांगत होतो. दारातून म्हणजे आत नव्हे. सात वाजता दोन पदार्थ तयार, तिसरा अर्धवट, चौथ्याची भाजीही चिरलेली नाही. मग मी आवाज थोडा चढवला. साडेसातला आत गेलो आणि सुरी हातात घेतली, की बाजूला हो, मी दाखवतो.

ही खाली बसली. ओट्याला पाठ लावून, दोन्ही कानांवर हात. काही केल्या उठेना, बोलेना. आणि मी काय केलं? समजावलं. जोरात समजावलं.

बेल वाजली. मी हसतमुखानं दार उघडलं. म्हणालो, मिसेसना मायग्रेनचा त्रास आहे, आत पडल्यात. साहेबांच्या मिसेस म्हणाल्या, अरे रे. सगळं सावरलं होतं.

तेवढ्यात ही बाहेर आली. केस विस्कटलेले, अॅप्रन तसाच. म्हणाली, मला मायग्रेन नाही. मला ऑटिझम आहे. हा सहापासून ओरडतोय म्हणून स्वयंपाक राहिला. दोन पदार्थ झालेत. ते चांगले आहेत. बसा.

बसले. काय करतील? ते दोन पदार्थ साहेबांनी दोनदा मागून घेतले. त्यांच्या मिसेस माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. जाताना त्यांनी हिला विचारलं, मी काही मदत करू का? ही म्हणाली, नको, पण विचारलंत ते बरं वाटलं.

माझी अब्रू गेली ती गेलीच. हिला साधं खोटं बोलता येत नाही. संसार कसा करायचा अशा माणसाबरोबर?

१ फेब्रुवारी, रविवार

चहा झाल्यावर ही म्हणाली, मी एक मार्चला ताईकडे राहायला जाणार आहे. परत येणार नाही. मला आवरायला महिना लागेल, म्हणून आज सांगते.

मी म्हणालो, हं.

बायका रागात असं बोलतात. त्यामागचा अर्थ समजून घ्यायचा असतो. अर्थ असा की मी चार दिवस नीट वागावं. वागतो.

आणि खरं सांगायचं तर धोका शून्य आहे. जिला बूट घालायला एवढा वेळ लागतो, ती घर सोडणार? सात जन्म पुरणार नाहीत.

८ फेब्रुवारी, रविवार

हिनं आठवडाभरात पुस्तकांचा एक कप्पा आवरला. एक! प्रत्येक पुस्तक पुसते, चाळते, कागदात गुंडाळते. मला हसू आलं. ऑफिसातून रिकामे खोके आणून दिले. म्हटलं, घे, हौस भागव. ही म्हणाली, थँक यू, मापाचे आहेत.

एकदा बसून बोलायला हवं. घड्याळांचं, परवाच्या ओरडण्याचं. सॉरी म्हणायला मला कमीपणा वाटत नाही. दोन मिनिटांचं काम. उद्या म्हणतो.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज ऑफिसात मीटिंग लांबली. उद्या.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

मॅच होती.

१६ फेब्रुवारी, सोमवार

असिस्टंट मॅनेजर दुसराच झाला. माझ्यानंतर लागलेला. साहेब म्हणाले, तुमचे रिपोर्ट वेळेवर येत नाहीत. घरात असं वातावरण असल्यावर कसे येतील?

हिला सांगितलं. मला वाटलं, खूश होईल. ही म्हणाली, वाईट वाटलं, तुला ती जागा हवी होती. आणि पुन्हा खोक्याला चिकटपट्टी लावायला लागली. तेव्हाच सॉरी म्हणून टाकणार होतो. पण आज माझंच दुःख ताजं होतं. एका दिवशी माणसानं किती करायचं?

२१ फेब्रुवारी, शनिवार

हॉलमधले खोके वाढलेत. टीव्ही बघताना मान तिरकी करावी लागते. हिचे स्वेटर गेले, शिवणाचं मशीन गेलं. खोक्यांत गेलं, म्हणजे घरातच आहे. मेहुणीचा फोन आला होता. म्हणाली, भावजी, टेम्पो ठरवलाय. मी म्हणालो, ठरवा की. तीही बहिणीच्या नादाला लागलेली.

सॉरी नुसतं म्हणण्यापेक्षा काहीतरी आणून द्यावं. हिला काय आवडतं? विचार करतोय.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

विचार करतोय.

२८ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळ

आज बोलायचंच, असं ठरवून उठलो. वाक्य पाठ केलं. आरशासमोर म्हणूनही बघितलं, चांगलं झालं.

स्वयंपाकघरात गेलो. ही जमिनीवर बसून चमचे वेगळे करत होती. हिचे इकडे, माझे तिकडे. अर्धे झाले होते. तोंड उघडलं, आणि आठवलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, कामात असताना मध्ये बोलायचं नाही, धागा तुटतो.

म्हणून बोललो नाही. दारात उभा राहिलो, मग बाहेर आलो. शेवटी मला जमलं. हिच्या लक्षात आलं असेल का?

१ मार्च, रविवार

मेहुणी टेम्पो घेऊन सकाळीच आली. हमालांनी खोके खाली नेले. हॉल एकदम मोठा झाला. सगळं ठरल्याप्रमाणे. एक वस्तू विसरली नाही, एक फुटली नाही.

मी मध्ये पडलो नाही. मला वाटत होतं, काहीतरी अडेल. हिचं नेहमी काहीतरी अडतं.

ही दाराशी स्टुलावर बसून बूट घालायला लागली. आधी डावा. नाडी ओढली, सारखी केली, गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. मग उजवा. मी बघत होतो. खाली हॉर्न वाजला, तरी हिनं वर पाहिलं नाही. मला वाटलं, सोडावी आणखी एकदा ती गाठ.

नाही सोडली. उठली. किल्ली माझ्या हातात दिली. काहीतरी बोलायला हवं होतं. काल पाठ केलेलं वाक्य तोंडात होतं. पण निघालेल्या माणसाला म्हणतात तेच बाहेर पडलं. म्हणालो, सावकाश जा.

ही थांबली. म्हणाली, हो. महिनाभर सावकाशच जात होते.

२ मार्च, सोमवार

ऑफिसला पोचायला उशीर झाला. कुणी मध्ये नव्हतं, बाथरूम मोकळं, आरसा मोकळा. तरी झाला.

साहेबांनी विचारलं, काय हो, आज उशीर?

म्हणालो, घरी मिसेस आहेत ना सर. त्यांना आवरायला जरा वेळ लागतो.

साहेब म्हणाले, सांभाळा त्यांना.

म्हणालो, सांभाळतोच आहे.