बदलीपुरता हृदयविकार

३ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून रोजनिशी. कारण मोठं आहे. आम्ही मूल दत्तक घेणार. अरुंधतीने पोर्टलवर नाव नोंदवलं, मी ओटीपी सांगितला. आता दोघांचं मेडिकल सर्टिफिकेट हवं. नवरा-बायको दोघांपैकी कोणालाही जिवावरचा आजार नसावा, असा नियम आहे. नियम करणाऱ्यांची कीव येते. ज्यांना घरचीच होतात, त्यांना कोणी बीपी विचारतं का? समोरच्या क्वार्टरमधला अशोक दिवसभर गुटखा चघळतो. त्याला तीन मुलं. त्याच्याकडे कोणी सर्टिफिकेट मागितलं नाही.
माझी तब्येत उत्तम. पोट आहे, पण ते बैठ्या नोकरीचं. उद्यापासून किल्ल्याच्या रस्त्याने मॉर्निंग वॉक.

४ फेब्रुवारी
वॉक नाही. थंडी फार. आजारी पडलो तर सर्टिफिकेटचंच नुकसान.

८ फेब्रुवारी
वॉक केला. कोपऱ्यापर्यंत. तिथे गरम जलेबी निघत होती. चालून आल्यावर खाल्लेलं अंगाला लागत नाही.

१२ फेब्रुवारी
सासरे बापूराव इथल्याच खंडेराव गेट भागातून आले. पिढ्यानपिढ्या झाशीत राहून यांच्या मराठीची पार खिचडी झालेली. म्हणाले, जावईबापू, टेन्शन नका घेऊ, दत्तकवाल्या मॅडम घर बघायला येतील, त्यांच्या सामने फक्त सच बोला. असली मराठी ऐकवत नाही, लेकिन सासऱ्यांना सांगणार कोण? आणि सच बोला म्हणजे काय? एरवी मी खोटं बोलतो?

२० फेब्रुवारी
टेस्ट झाल्या. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, ईसीजी. डॉ. सक्सेना हा इसम पेशंटकडे कमी आणि मोबाइलकडे जास्त बघतो. कोई पुरानी बीमारी, असं विचारलं. मी ठणकावून नाही म्हटलं. अरुंधतीने माझ्याकडे बघितलं. तिला ऑफिसचं प्रकरण माहीत आहे, पण समजलेलं नाही.
ते प्रकरण असं. सहा वर्षांपूर्वी कंपनीने माझी सिंगरौलीच्या साइटवर बदली काढली. बदलीच्या सीझनला आमच्याकडे सगळेच आजारी पडतात. कोणी कंबर धरतो, कोणाची आई अंथरूण धरते. सगळं तेच ते. मी जरा वरचा विचार केला. हृदयविकार. ग्वाल्हेरच्या एका डॉक्टरने लिहून दिलं की पेशंटला घरापासून लांब ठेवू नये. बदली रद्द. तेव्हापासून दर एप्रिलला अर्ज करतो. ऑफिसचं हृदय वेगळं, घरचं वेगळं. दोन्ही आपापल्या जागी खरी आहेत.

२५ फेब्रुवारी
रिपोर्ट आले. अरुंधती फिट, मीही फिट! साखर थोडी काठावर. डॉक्टर म्हणाला, गोळी चालू करा, एवढ्याने दत्तक अडत नाही. हृदय ठणठणीत. अरुंधती रस्त्यातच रडायला लागली. मी तिला म्हटलं, लोक बघतायत.
मलाही मुलगी हवी आहे. हे ऑफिसात बोलता येत नाही, घरी बोललो की ही रडते, म्हणून इथे लिहितो. पाच-सहा वर्षांची असावी. माझ्याशी हुज्जत घालणारी.

५ मार्च
ऑफिस. टेंडरची फाइल आली. मी छातीवर हात ठेवून नुसता डोळे मिटून बसलो. ज्युनिअर आशिष धावत आला. सर, आप स्ट्रेस मत लीजिए, म्हणाला आणि फाइल घेऊन गेला. तळमजल्यावरचं टेबल, बिनसाखरेचा स्पेशल चहा, चार वाजता घरी. सहा वर्षांत एकालाही संशय आला नाही. इंजिनिअर म्हणे!

१८ मार्च
होम स्टडी. म्हणजे सोशल वर्कर घरी येऊन बघणार की आम्ही आई-बाप व्हायला लायक आहोत का. ऐश्वर्या मॅडम. तिशीचीसुद्धा नसेल. पाठीला सॅक. हिने माझी लायकी ठरवायची!
अरुंधतीने लहान खोलीला पिवळा रंग दिलाय, खिडकीशी बुटकी खुर्ची ठेवलीय. मॅडमला ती खोली आवडली. मी जिना दोनदा धावत चढून-उतरून दाखवला. कोणी सांगितलं नव्हतं. बस बस, सर, असं ती म्हणाली. जबरदस्त इम्प्रेशन पडलं. मग घाम आला, पंख्याखाली बसलो.
ओळखीच्या दोघांची नावं मागितली. मी आशिष आणि जनार्दन यांची दिली. जनार्दनही ऑफिसातलाच, नागपूरचा, आमच्या गणपतीचा खजिनदार. दोघेही माझ्यासाठी जीव टाकतात. काही पढवायची गरज नाही. कंपनीकडून माहिती घेण्याच्या संमतीवरही सही केली. मला लपवण्यासारखं काय आहे?

२७ मार्च
घात झाला.
मॅडम न सांगता ऑफिसात गेली. मी कँटीनमध्ये समोसा खात होतो. आशिषने डोळे पुसत तिला सांगितलं, भगवान सर को बेटी ज़रूर दें, जितने दिन हैं, उतने तो हँस लें. जनार्दन म्हणाला, साहेब किसी भी दिन जा सकते हैं, पर चेहरे पर दिखाते नहीं. एवढ्यावर थांबला नाही. ड्रॉवर उघडून जिभेखाली ठेवायची गोळी दाखवली. माझ्यासाठी म्हणून दोघांनी वर्गणी काढून आणून ठेवलेली. दर वर्षी एक्स्पायरी बघून बदलतात म्हणे.
गाढवं. यांना असले धंदे सांगितले कोणी?

२८ मार्च
मॅडमचा फोन. तिने विचारलं, सर, दोनों में से सही कौन-सा है? मी म्हटलं, परिस्थितीवर अवलंबून आहे. ती म्हणाली, जे खरं असेल ते कंपनीला लिहून द्या आणि त्याची कॉपी मला आणा.
म्हणजे बरा झालो असं कळवायचं. म्हणजे सिंगरौली. अरुंधती म्हणाली, मग जाऊ की सिंगरौलीला. तिकडे काय मुलं नसतात? बायकांना सर्व्हिसमधलं काही कळत नाही.

४ एप्रिल
ठरलं. उद्या पत्र देणार. मजकूर तयार केलाय: ईश्वरकृपेने व नियमित वॉकने. अरुंधतीने वाचून माझ्या हातावर हात ठेवला. खूप दिवसांनी.

७ एप्रिल
एचआरवाला जेवायला गेला होता. असल्या लोकांच्या हातात महत्त्वाचं पत्र देण्यात अर्थ नाही.

९ एप्रिल
पत्र खिशात. बदलीची यादी याच महिन्यात लागते. आधी यादी लागू दे, मग शांतपणे बरा होईन. अरुंधती रोज विचारते, दिलं का? प्रोसेसमध्ये आहे, असं सांगितलं.

११ एप्रिल
मधला मार्ग सुचला. डॉ. सक्सेनाला म्हटलं, असं लिहून द्या: झाशीत फिट, झाशीबाहेर अनफिट. त्याने पहिल्यांदाच मोबाइल खाली ठेवला. मग बाहेरचा रस्ता दाखवला. डॉक्टरी शिकला, डोकं चालवायला शिकला नाही.

१५ एप्रिल
मेडिकल ग्राउंडवरच्या अर्जाची आज शेवटची तारीख. जनार्दनने प्रेमाने माझाही फॉर्म भरून आणला. म्हणाला, साहेब, तुम्ही फक्त सही करा, बोटं दुखवून घेऊ नका. मी नको म्हणणार होतो. पण चार लोक बघत होते, हात आपोआप छातीवर गेला आणि दुसऱ्या हाताने सही झाली. आतला कागद आहे, बाहेर कोणाला कळतो?

२ मे
यादी लागली. माझं नाव नाही. आशिषने पेढे वाटले.
संध्याकाळी मॅडमचा फोन. तिने कंपनीला माझ्या तब्येतीबद्दल पत्र टाकलं होतं. ही कंपनी एरवी कोणाच्या पत्राला उत्तर देत नाही. या वेळी लगेच दिलं: हृदयविकार गंभीर, ताजा अर्ज सोबत. होम स्टडी नामंजूर. मी मोठ्या आवाजात म्हटलं, मला आजार नाहीये! ती म्हणाली, सर, बीमारी होती तो हम कोई रास्ता निकाल लेते.
कालची पोर.

३ मे
अरुंधती सकाळी लहान खोलीत बसली होती. मी म्हटलं, अपील करू, मी सगळं बघतो. ती म्हणाली, मी मॅडमना विचारलं. एकट्या बाईला मूल मिळतं. माझे सगळे रिपोर्ट चांगले आहेत, पगार आहे, माहेर गावात आहे. मला फक्त एका गोष्टीने अडवलंय. आवाज चढवला नाही. भाजीचा भाव सांगावा तसं बोलली.
माझ्या छातीत काहीतरी झालं. खरंच झालं. दाराला धरून उभा राहिलो. तिला म्हटलं, अगं, छातीत दुखतंय.
ती म्हणाली, ते ऑफिसात सांगा. आणि माझा डबा भरायला गेली.