तुमच्या पायावर माझा पाय

आप्पा, आज मी विद्यापीठाला आपल्या गल्लीत आणून विहारातल्या सतरंजीवर बसवलं. आमचे विभागप्रमुख सर मांडी घालून बसले होते आणि समोर तुमच्या यंत्रमागाच्या शेडमधली माणसं. सांगायला इतकं आहे की कुठून सुरू करू कळत नाही. मागावर काम करणाऱ्यांच्या कानांचा अभ्यास करायचाय, आणि या वेळी तो विद्यापीठ एकटं करणार नाही. काय विचारायचं, कसं तपासायचं, हे कामगार आणि आम्ही मिळून ठरवणार. म्हणजे त्यांनी हो म्हटलं तर. याआधी तीनदा इचलकरंजीला आलो आणि तिन्ही वेळा त्यांनी चहा पाजून आम्हाला वाटेला लावलं होतं.

आजही तेच होणार असं दिसत होतं. तुमच्या शेजारच्या मागावरचे काका, आता पार पिकलेत, सरांना म्हणाले, "पावणं, मागं बी एकदा तपासलंय की आमास्नी. समद्यांचं कान चांगलं हाईत." सरांच्या मांडीवर त्याच तपासणीचा जुना अहवाल होता. मग मी उठले. तो तपासणीचा दिवस मला लख्ख आठवतो. मालकाच्या ऑफिसात मशीन मांडलंय, तुमचं तोंड भिंतीकडे, कानांवर हेडफोन, आवाज ऐकू आला की हात वर करायचा. मी तुमचा डबा घेऊन आलेय आणि तुमच्या शेजारी बाकावर बसलेय. तपासणाऱ्या मॅडमचं बोट मला दिसतंय, तुम्हाला नाही. त्यांनी बटण दाबलं की मी खालून तुमच्या पायावर पाय दाबते आणि तुम्ही हात वर करता. कागदावर येतं, कान उत्तम. दारात मालक एकेकाचा कागद बघून ठेवून घेतोय. घरी जाताना तुम्ही मला भडंग घेऊन दिलंत आणि त्या विषयावर चकार शब्द काढला नाहीत.

हे सगळं मी भर सभेत सांगून टाकलं. मग काकाच हसायला लागले. "आमी भिंतीवरच्या फोटूच्या काचंत बघत हुतो. बाईंचा हात हालला की आमचा हात वर. न्हायतर दुसऱ्या दिवशी मागावर कोण उभं करील?" एकामागून एक सगळेच कबूल होत गेले. आप्पा, तो अख्खा अहवाल खोटा आहे! सरांनी चष्मा काढला, पुसला आणि तो कागद बाजूला ठेवला. मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी एक बाई मागून म्हणाली, "आमचं कान कोण बघत न्हाय. आमी बी त्याच शेडात असतोय की." सरांनी बायकांचं नाव तपासणीच्या यादीत वर घातलं. मग काकांची अट आली. निकाल आधी ज्याचा त्याच्या हातात. मालकानं मागितला तरी द्यायचा नाही. सरांनी तिथल्या तिथे स्वतःच्या हातानं लिहून सही केली. काकांनी दोन बोटं वर करून मनगट फिरवलं. शेडच्या खडखडाटात माग सुरू करायला सांगायची तुमची ती खूण. सरांनी विचारलं, काय म्हणताहेत? मी म्हटलं, सुरू करा म्हणताहेत.

तुम्हाला हे ओरडून सांगावंसं वाटतंय. पण मला विद्यापीठात नोकरी लागली तेव्हाही मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतून फोनवर ओरडत होते आणि तुम्ही म्हणत होतात, "व्हय, जेवलो." त्यापेक्षा लिहिलेलं बरं. हा कागद अभ्यासाच्या नव्या फायलीत तळाशी ठेवते, आता तुम्ही नाही, तर दुसरीकडे कुठे धाडणार?

एक मात्र सांगायला हवं. सभेत मी म्हणाले की पाय दाबायला आप्पांनीच सांगितलं होतं. तुम्ही काहीच सांगितलं नव्हतं. तुम्ही हात मांडीवर ठेवून, ऐकू येत नाही हे खरं तेच दाखवत बसला होतात. तुमचं काम जाईल म्हणून मीच घाबरले. पहिल्यांदा पाय दाबला तेव्हा तुम्ही वळून माझ्याकडे बघितलंत, बराच वेळ, आणि मग हात वर केलात.