यंत्रावरची वाकळ

खैरटेक, ता. केळापूर
१२ नोव्हेंबर २०१३

चि. दीपा हिस,
आजीचा अ. आ. अन् जय भीम. वि. वि.

तू आमाले विसरली असशील म्हणून आधी ओळख सांगते. मी हंसाबाई, तुह्या बापाची माय. पैनगंगेच्या काठी घर हाये, दारात कडुनिंब हाये, अन् लहानपणी तू त्याच घराची मातीची भिंत चाटत होती. आता आठवलं असंल. नागपूरच्या हपिसात नोकरी लागली का माणसाचं डोकं कागदानं भरते, त्यात आजीले जागा कुठून उरणार.

मी बोलून राह्यली अन् तुही माय नलू लिहून राह्यली. फोन काहून करत नाई म्हणशील, तर इथं मोबाईल हातात धरला का तो नदीपल्याडचं टावर पकडते अन् आंध्राचा होऊन जाते. रोमिंग लागते. तुहा बाप म्हणते, खुशाली विचारेपर्यंत कार्ड खाली. तिकडून फुकट येते तो फक्त धूर.

त्या धुराचंच सांगायचं हाये. नदीच्या वळणापल्याड, उगवतीले, मांगच्या साली कारखाना सुरू झाला. जुने टायर शिजवून तेल काढतात म्हणे. दिवसा चिमणी अशी गरीब उभी राहते का जशी नवी नवरी. अंधार पडला का काळा धूर सोडतात, अन् हिवाळ्याचा वारा तो आमच्या अंगावर ढकलते. सकाळी ओट्यावर काजळी, पाण्याच्या गुंडावर काजळी. वावरात फुटलेला कापूस पांढरा राह्यला नाई. तुह्या बापानं पांढरकवड्याले नेला तर व्यापाऱ्यानं मूठभर उचलून पाह्यला अन् सगळा कवडीत टाकला. किडक्या, डागी कापसाले कवडी म्हणतात, हे तरी आठवते का? आधीच यंदा कापसाले कोणी विचारत नाई, त्यात आमचा काळा.

पण कापूस जाऊ दे. तुही माय खोकलून राह्यली. हे सांगून झालं तरी तिचा पेन हालला नाई. मले अक्षर येत नाई, पण पेन हालते का नाई ते दिसते. म्हणून पुन्हा सांगतलं, लिही का नलूले आडवं होता येत नाई, भिंतीले टेकून बसते. आता हालला, पण बारीक हालला. पांढरकवड्याचा डॉक्टर म्हणते, धुरापासून लांब ठेवा. इथं धुरापासून लांब म्हणजे घरापासून लांब. ती जायले तयार नाई, अन् मलेही माही सून घरात पाह्यजे.

तू तर हवेच्याच हपिसात हायेस. एक धूर बंद कर. दुसरं काही मागत नाई.

लोभ हाये तेवढाच ठेव, वाढवला तर पत्र लिहावं लागते.

तुही आजी
हंसाबाई (अंगठा)

ता. क. दीपा, आजी वाढवून सांगतात. मला थोडासा खोकला आहे. — आई


नागपूर
५ डिसेंबर २०१३

ती. आजीस,
दीपाचा सविनय जय भीम. वि. वि.

विसरले नाही. पण तू पत्र ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलंस. इथे येणारं प्रत्येक पाकीट आवक टेबलावर उघडतात. तुझ्या पत्राला शिक्का बसला, क्रमांक पडला, आणि त्यात धूर आहे म्हणून ते तक्रार म्हणून दाखल झालं. मी भिंत चाटायचे हे आता सरकारी दप्तरात आहे. साहेबांनी मला बोलावून विचारलं, चव कशी होती. यापुढे खोलीच्या पत्त्यावर लिही.

आता धुराचं. कारखाना नदीपलीकडे, म्हणजे दुसऱ्या राज्यात. आमचा अधिकार नदीच्या मध्यापर्यंत. साहेबांनी पलीकडच्या ऑफिसला लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की त्यांच्या हद्दीत धूर आढळला नाही. खरंच आहे, तो आपल्या हद्दीत येऊन बसतो. दिल्लीला लिहायचं तर आधी आपल्या बाजूची हवा खराब आहे हे आपण सिद्ध करायचं.

मी इथे सगळ्यात खालची. यंत्रातून आलेले कागद वजन करून नोंदवते, एवढंच. तरी मागे लागून लागून एक यंत्र मिळवलं आहे. जानेवारीत आमचे दोघं जण ते आपल्या घराच्या छतावर, धाब्यावर ठेवतील. ते हवा ओढून घेतं आणि आतल्या पांढऱ्या कागदावर धूळ-काजळी धरून ठेवतं. कागद काळा झाला की आमचं म्हणणं खरं. फार महाग वस्तू आहे, मिळवायला मला किती जणांची मनधरणी करावी लागली ते माझं मला ठाऊक. तिला जपा.

आई, थोडासा म्हणजे किती ते आजीला बोलू दे आणि तसंच लिही.

माझ्यावर चिडलात तरी माया कमी करू नका.

तुझी
दीपा


खैरटेक
२२ जानेवारी २०१४

चि. दीपा हिस,
अ. आ. अन् जय भीम. वि. वि.

तुही पेटी येऊन गेली. धाब्यावर बसली अन् गुरगुर करायले लागली. खालून ऐकलं तर वाटावं, घरी जावई झोपला हाये. आलेले दोघं भले होते. चहा पेले, भाकर खाल्ली, कागद बदलला, अन् दिवस मावळला का मोटरसायकलवर बसून पांढरकवड्याच्या लॉजवर झोपायले गेले. मी विचारलं, पेटीजवळ कोण राहीन. ते म्हणे, आजी, तुम्ही हायेत ना.

मी होतीच. तू जपा म्हणून लिहिलं होतं, नलूनं मले ते दोनदा वाचून दाखवलं. मले चिंता पडली. घरातलं ताट उघडं राह्यलं तरी सकाळी काळं होते, अन् ही तर सरकारची वस्तू, तुह्या नावावर आलेली. तिच्यावर काजळी बसली तर बोल तुले लागला असता. म्हणून संध्याकाळी ते गेले का मी माही जाड वाकळ तिच्यावर चांगली चारही बाजूनं खोवून देत होती. सकाळी ते यायच्या आधी काढून घडी करून ठेवली, उगाच पाव्हण्यायले लाजल्यासारखं नको. पेटी जशी आली तशी चकचकीत गेली. वाकळ मात्र काळीठिक्कर झाली, नलूनं नदीवर आपटली तरी निघत नाई.

आता कारखाना कधी बंद होते ते कळव. नलूचं सांगते, तर आता तिले गुंड डोक्यावर घेऊन नदीवरून येणं होत नाई. मधात तीन वेळा बसते. तिनं लिहिलं असंल अशी आशा हाये.

माया हाये. मोजायले यंत्र पाठवू नको.

तुही आजी
हंसाबाई (अंगठा)


नागपूर
१६ फेब्रुवारी २०१४

ती. आजीस,
सविनय जय भीम. वि. वि.

तुझं पत्र खोलीवर आलं हे बरं झालं. वाचून मी अशी ओरडले की शेजारीण धावत आली.

रात्रीचे सगळे कागद पांढरे निघाले होते, आणि का ते मला कळत नव्हतं. यंत्राने रात्रभर तुझी वाकळ हुंगली, आजी. अहवालात तुमची हवा उत्तम आहे. साहेबांनी विचारलं, तुझं गाव थंड हवेचं ठिकाण आहे का. पलीकडच्या ऑफिसने आमचाच अहवाल जोडून आम्हालाच कळवलं की आपल्या यंत्रानुसार तक्रारीत तथ्य नाही.

मी साहेबांना वाकळीचं खरं सांगितलं. ते हसले. म्हणाले, हे लिहून देता येणार नाही. लिहिलं तर रात्री यंत्रापाशी आपला माणूस नव्हता हेही लिहावं लागेल.

मी तुझ्यावर चिडले आहे आणि त्याहून जास्त माझ्यावर. उघडं ठेवा असं लिहायला हवं होतं. जपा लिहिलं. जपायला सांगितल्यावर तू आणखी काय करणार होतीस?

यंत्र आता पुढच्या हिवाळ्यापर्यंत मिळत नाही. दोन्ही बाजूंचे अधिकारी एकत्र पाहणी करतील, ती जूनच्या शेवटी ठरली आहे. तेव्हा वारा फिरलेला असतो, धूर आपल्याकडे येतच नाही, हे मी सांगून पाहिलं. उत्तर मिळालं की तारीख दिल्लीहून आली आहे.

आईला इकडे पाठव. माझी खोली लहान आहे, पण तिथे आडवं होता येतं.

रागातही आठवण ठेव.

तुझी
दीपा


खैरटेक
१० मार्च २०१४

चि. दीपा हिस,
अ. आ. अन् जय भीम. वि. वि.

तुहं पत्र नलूनं वाचून दाखवलं. तू ओरडली ते वाचताना ती हसली, हसता हसता खोकलायले लागली, म्हणून उरलेलं पत्र मी दुसऱ्या दिवशी ऐकलं.

माह्या मनाले लागलं. पण तुह्या सायबाले सांग, घरी आलेल्या वस्तूले थंडीत उघडं टाकून झोपायची आमच्याकडे चाल नाई. तुमचा माणूस राह्यला असता तर त्यालेही वाकळ देली असती.

मग म्हटलं, कागद पोचत नाई तर आपण पोचावं. नदीले पोटरीभर पाणी होतं. मी, शेजारची गुलनार अन् आणखी चार बाया पल्याड गेलो. गुलनार कपडे शिवते, शिवलेलं झंपर दोरीवर टांगलं का काळं होते अन् गिऱ्हाईक तिलेच बोलते. गेटवर चौकीदार कोण, तर फुलसिंग, आपल्याच इकडच्या तांड्यावरचा. मावशी मावशी करून त्यानं पाणी पाजलं. मी म्हणली, मालकाले बलाव. मालक हैदराबादले राहते म्हणे. धुराचं विचारलं तर म्हणते, मावशी, धूर सगळा तुमच्याकडे जाते, इथं हवा चांगली हाये. असं म्हणला अन् असा खोकलला का मलेच त्याच्या पाठीवरून हात फिरवावा लागला. भांडायले गेलती मी, अन् त्याले अडुळशाचा काढा सांगून परत आली.

तिकडच्या ठाण्यावर म्हणे, त्रास इकडे झाला नाई, तुमच्या ठाण्यात जा. आपल्या ठाण्यावर म्हणे, धूर इकडे निघाला नाई, त्यांच्या ठाण्यात जा. नदीच्या मधात एक ठाणं बांधा म्हणली मी. जमादार हसला, चहा मागवला. सगळे चहा पाजतात.

नलू येत नाई म्हणते. सासूले कोण पाहीन म्हणते. मी म्हणली, सासू स्वतःले पाहते, तू तुहं पाय. हे तिनं लिहिलं का नाई मले कळणार नाई, तू वाचून कळव.

आठवण पाठवत जाय, तिले रोमिंग लागत नाई.

तुही आजी
हंसाबाई (अंगठा)

ता. क. लिहिलं आहे. — आई


नागपूर
१९ जून २०१४

ती. आजीस,
सविनय जय भीम. वि. वि.

पाहणी रद्द झाली. या महिन्याच्या दोन तारखेला नदीपलीकडे नवं राज्य झालं. आम्ही ज्या ऑफिसला पत्रं लिहीत होतो त्याचा त्या गावाशी आता संबंध नाही. ज्याचा आहे, त्या ऑफिसात अजून टेबल-खुर्च्या लागायच्या आहेत. आपली फाईल परत आली. वर शेरा आहे की योग्य राज्याकडे नव्याने सादर करावी. नव्याने म्हणजे तुझ्या पहिल्या पत्रापासून. मी माझी भिंत घेऊन पुन्हा आवक टेबलावर उभी राहू का?

कारखाना तिथेच आहे. चिमणी तिथेच आहे. राज्य तेवढं निघून गेलं.

पण पत्र त्यासाठी नाही. काल बाबांनी टेकडीवर चढून फोन केला. पेरणी करताना आई वावरात बसली ती उठेना, बाबांनी बैलबंडीत घालून आणली. धूर नसतानाही आता तिला दम लागतो. उन्हाळाभर असंच चाललं होतं म्हणाले. मे महिन्यातल्या तुझ्या पत्रात तर नलू बरी आहे, असं होतं. तू तसं सांगितलं होतंस की पेन तसं हललं?

रविवारी मी येते. आईला विचारायला नाही, न्यायला.

भेटीपर्यंत माया राखून ठेव.

तुझी
दीपा


खैरटेक
८ सप्टेंबर २०१४

चि. दीपा हिस,
अ. आ. अन् जय भीम. वि. वि.

हे पत्र गुलनार लिहून राह्यली. तिचा पेन मी सांगते त्याच्याहून जास्त हालते, काय लिहिते कोण जाणे. मे महिन्यात मी सांगतलं होतं, नलू पायरी चढता चढता रडते. तिनं त्याचं बरी हाये करून टाकलं. तुही माय सातवी शिकली अन् मले फसवायले शिकली. तिले रागावू नको, मी रागावून घेतलं हाये.

नागपूरहून तिचं पत्र पोचलं. आडवी होऊन झोपते असं लिहिलं. गुलनारले मी ते एवढंच वाक्य पुन्हा पुन्हा वाचायले लावलं, तिची शिलाई राह्यली. घर मोठं वाटून राह्यलं. भाकरी तुहा बाप करते. एक दिवस आंध्रासारखी होते, एक दिवस तेलंगणासारखी, खाऊन दोन्ही सारख्याच.

पोळा झाला. सकाळचा वारा आताच कधी इकडचा, कधी तिकडचा होऊन राह्यला. दसऱ्याच्या आसपास पुरता फिरंल अन् चिमणी आमच्याकडे तोंड करंल. तू नव्या राज्याले नवा अर्ज केला म्हणते, करत राह्य. तुहे सायब थकले तरी तू थकू नको. यंत्र येईल तवा मी त्याच्याजवळ खाट टाकून बशीन, हात लावणार नाई.

नलू लिहिते, वेचणीले येते, बायायले मजुरी देण्यापेक्षा मी दोन ओळी वेचीन. तिले सांग, कापूस आम्ही वेचू, कवडीत गेला तरी जाऊ दे. मंग ती म्हणंल, सासूले पाहून लगेच वापस येते. तेही ऐकू नको. ती आली का हे घर तिले सोडणार नाई, अन् खरं सांगते, मीही सोडणार नाई. म्हणून तूच तिच्या वाटेत आडवी हो. मी काही दिवसांनी रडून पत्र लिहिलं, ये म्हणून लिहिलं, तरी वाचून बाजूले ठेव.

दोघी एकमेकींले धरून राहा, अन् उरलं तर आमालेही थोडं.

तुही आजी
हंसाबाई (अंगठा)

ता. क. काही पाठवायचंच असंल तर तिच्या हातची जवसाची चटणी पाठव, तिखट जास्त घालून. पण डबा पांढरकवड्याच्या एसटीत कंडक्टरजवळ दे. तिच्या हाती देऊ नको.