भारी पान्यांची पेटी

अवंतिका,

२०१७ साली, तुमच्या लग्नाआधी, गुरूनं जपानी पान्यांच्या दोन पेट्या आणल्या. एक साधी, एक भारीतली. साधे पाने जाड तोंडाचे, त्यातला नट फिरवायचा रॅचेट कर्रकर्र वाजायचा. भारीतले आरशासारखे आणि पातळ; अडचणीतल्या नटापर्यंत बरोबर शिरतात, म्हणायचा. त्याचे आबा चिडवायचे, "भारी पान्यानं नट काय हसत सुटतो व्हय रं?" तो म्हणायचा, "माझं स्वतःचं गॅरेज झालं की बघा की, आबा!" तोवर दुसऱ्याच्या गॅरेजात साधेच वापरणार होता. भारी पेटी फक्त खंडेनवमीला उघडायची. हळद-कुंकू, झेंडूचं फूल, आणि परत कपाटात.

आज उचगावचे गॅरेजवाले मिस्त्री पाने न्यायला येतील. साधी पेटी देऊन भारीतली गुरूची आठवण म्हणून ठेवते, म्हणालीस. बाई, उलटं कर. भारीतली दे, कुणाच्या तरी हातात ती काळी होऊ दे. साध्या पान्यांची चकाकी गुरूच्या अंगठ्यानं गेलीय, ते घरात राहू देत.

मला बघवणार नाही, म्हणून बहिणीकडे मुरगूडला जातेय. आमटी झाकून ठेवलीय.

गुरू गेला, मागोमाग त्याचे आबाही गेले. गॅरेज झालंच नाही. तू शाळेत लागलीस, घर सावरलंस. साध्या पेटीत तेरा नंबरचा पाना दिसणार नाही. शोधू नकोस, तो माझ्या पिशवीत आहे.

आई