परवानग्यांसकट

४ नोव्हेंबर
चिरंजिवांनी घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवरचं सगळं नव्यावर आणलं. म्हणे, "कॉपी-पेस्ट, आई. दहा मिनिटांचं काम." तीस वर्षं ऑफिसच्या कॉम्प्युटर विभागात मी काय स्वेटर विणले? जुन्यावर आम्हा तिघांचे तीन फोल्डर होते, ज्याचं त्याला कुलूप. विचारलंही नाही मला!

५ नोव्हेंबर
सूनबाईंनी चहा पुढे ठेवला. "आज शोकसभा जरा जास्त उकळलीय, आई."

'सूनबाईंचा चहा म्हणजे गरम पाण्याची शोकसभा' — वाक्य माझं. ऑगस्टमधलं. ह्याच रोजनिशीतलं!

चिरंजिवांनी फायली आणल्या; कुणी काय उघडायचं त्या परवानग्या तिकडेच ठेवल्या. नव्यावर माझी रोजनिशी अख्ख्या घराला खुली. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरसुद्धा आमचं डेस्क उघडण्याआधी विचारायच्या. मग सगळं जप्त करायच्या, ते वेगळं.

किती वाचलं, विचारायचा धीर झाला नाही. ऑगस्ट वाचला म्हणजे सप्टेंबरही वाचला. सप्टेंबर वाईट आहे.

६ नोव्हेंबर
नव्यावरची प्रत पुसली. स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे कॉम्प्युटरला हुकमांची यादी — फोल्डर, त्याच्या पोटातला फोल्डर, पार तळापर्यंत. प्रत्येक फाइल मालकासकट, परवानगीसकट न्यायची. चालवली. माझं सगळं गेलं, सूनबाईंच्या फोल्डरपाशी अडली: 'परवानगी नाही.' शहाणी आहे स्क्रिप्ट. मुख्य पासवर्ड हवा. तो अर्थातच चिरंजिवांकडे! त्यांचं प्रवचन ऐकून मिळवला.

७ नोव्हेंबर
गेलं सगळं नव्यावर. पण मुख्य पासवर्डला घरातलं कुठलंच कुलूप अडवत नाही. सरकणाऱ्या यादीत सूनबाईंची एक फाइल दिसली. नाव — 'आई'.

हात शिवशिवले. उघडली नाही. थोरपणा कसला, घाबरले.

संध्याकाळी ती कप विसळत होती, तेव्हा सांगून टाकलं, "तुझ्या फाइलचं नाव दिसलं. वाचली नाही मी."

तिने तोच कप पुन्हा विसळला.

८ नोव्हेंबर
जुनं नि नवं ताडून पाहिलं. फायली-फोल्डर मिळून चार हजार एकशे बारा, फरक दोन. माझी स्क्रिप्ट चुकली? शक्य नाही. बदलाची वेळ पाहिली: आज सकाळी सव्वासात.

सूनबाईंचा फोल्डर, आणि त्यातली 'आई'. दोन्हींवर नवी परवानगी. मालकीण ती. वाचू शकणार — ती आणि मी.